वस्तादांच्या फाईलमधला शेरा

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब. व्यासपीठावरच्या विक्री विभागाच्या मॅडम. ज्यांच्या निरोपासाठी आज इतक्या खुर्च्या मांडल्या ते आमचे वस्ताद आणि त्यांच्याशेजारी संकोचून बसलेल्या काकू. समोरचे वर्कशॉपचे, शोरूमचे, स्पेअर पार्ट्सचे सहकारी. आणि मागच्या रांगेतले आपले अगदी पहिले ग्राहक, सर्वांना माझा नमस्कार.

मॅडमनी मला भाषण लिहून दिलंय. फार सुंदर आहे. त्यात 'दीपस्तंभ' तीनदा आलाय. पण वस्तादांना मी एकदा जरी दीपस्तंभ म्हणालो तर ते इथेच उठून माझा कान धरतील. म्हणून कागद खिशातच राहू दे. मॅडम, रागावू नका.

वस्तादांना खरं तर निवृत्तीच्या वयानंतर अजून दोन वर्षं मुदतवाढ मिळणार होती. मिळाली नाही. "म्हाताऱ्याला विजेची गाडी झेपली नाही," असं इथला जो तो हळू आवाजात म्हणतो. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे. हळू आवाजात बोलणं मला जमत नाही, हे आपण जाणताच.

सहा वर्षांपूर्वी ट्रेलरवरून आपल्या पहिल्या आठ गाड्या उतरल्या, तो दिवस किती जणांना आठवतो? चिनी कंपनी, विजेची गाडी, आणि किंमत इतकी कमी की गिऱ्हाईक आधी संशयच घ्यायचं. स्क्रीनवर सगळी चिनी अक्षरं. भाषा कुठे बदलायची, तेही चिनीतच! वस्तादांनी बॉनेट उघडलं, जन्माच्या सवयीने स्क्रूड्रायव्हरचं टोक आत टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकून म्हणाले, "मेलीय का रे ही?"

"चालू आहे, वस्ताद."

"मग बोलत का नाही?"

नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस, त्याच्यापुढे मुकी गाडी आणून उभी केली. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. यांनी दोनशे पानी वही आणली आणि एकेक अक्षर चित्रासारखं उतरवून घेतलं. खाली लिहायचे, 'छत्री धरलेला माणूस, म्हणजे बॅटरी गरम.' काकू, ती वही जपून ठेवा.

मग एकेक मॉडेल येत गेलं. कंपनीने ठेवलेली नावं आपल्या जिभेला वळेनात, म्हणून आपण बारशी उरकली. सगळ्यात छोटी, सगळ्यात स्वस्त, ती डबी. लांबलचक सेडान आली, ती आगगाडी. आणि ती मोठी, उंच, पट्टा लावला नाही की ओरडणारी, दार उघडं राहिलं की ओरडणारी, ती हेडबाई. गंमत बघा, स्वतःच्या कामात कधी ही नावं न घेणारे मोठे साहेबसुद्धा एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणून गेले, "आमची हेडबाई घ्या, संसाराला चांगली आहे!"

कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं. सरांशी भांडलो, वही फेकली आणि निघून आलो. माझं खरं शिक्षण इथे झालं, तेही दहा-दहा मिनिटांच्या तासांत. जबर विजेच्या नारिंगी तारांना हात लावण्याआधी बॅटरी तोडणारा मधला प्लग काढायचा, स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि आतली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. मला कुठला धीर! वस्ताद म्हणायचे, "बस खाली. गाडीबरोबर तुझंही डोकं उतरू दे." त्या दहा मिनिटांत त्यांनी मला काय काय सांगितलं! पेट्रोलचे जुने किस्से, काकूंच्या हातचा मार, माफ करा, काकूंच्या हातचा चहा.

मागे त्या निवृत्त शिक्षिका बसल्या आहेत. डबी घ्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, "आवाजच नाही, तर चालू की बंद हे कळायचं कसं?" वस्ताद म्हणाले, "बाई, मलाही अजून शिकायचंय." सगळे हसलो. तेच वाक्य पुढे त्यांच्यावर उलटेल, असं कोणाला वाटलं होतं?

गेल्या वर्षी यार्डातली डबी शोरूमची काच फोडून आत गेली आणि नव्याकोऱ्या हेडबाईवर आदळली. नशीब, कोणाला लागलं नाही. वस्तादांनी साहेबांना सांगितलं, "माझ्याकडून बंद करायची राहिली. पेट्रोलचा हात, आवाज नाही म्हणजे बंद वाटली." फाईलमध्ये शेरा पडला, 'विजेच्या गाड्यांसाठी अयोग्य.' मुदतवाढ तिथेच संपली.

साहेब, ती डबी मी चालवत होतो.

वस्ताद, बसा. हात हलवू नका, मी थांबणार नाही.

मी गाडी बंद न करता उतरलो. पुढे काउंटरच्या खिडकीत कोणीतरी उभं होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडे. कोण, ते सांगणार नाही. तिसऱ्या रांगेने कृपया माना वळवू नयेत. न बघताच सीटवरची हत्यारांची पिशवी ओढली, ती निसटून वेगाच्या पेडलवर पडली. पुढचं आपण पाहिलंच. वस्ताद धावत आले, माझे हात पाहिले आणि म्हणाले, "आत जा, पाणी पी." मी बाहेर येईपर्यंत त्यांनी गुन्हा कबूलही केला होता. गिऱ्हाइकाशी भांडल्याबद्दल मला शेवटची ताकीद मिळालेली, हे त्यांना ठाऊक होतं. मी खरं सांगायला निघालो तर म्हणाले, "तोंड उघडलंस तर पान्याने बडवीन. माझं काय, थोडंच उरलंय."

आणि मी गप्प बसलो. पान्याला घाबरून नाही. नोकरी गेली तर ती खिडकी जाईल, म्हणून. मी रोज त्या खिडकीकडे बघत राहिलो, आणि हा माणूस रोज खाली मान घालून गाड्या दुरुस्त करत राहिला.

साहेब, विजेची गाडी इथे सगळ्यांत आधी यांना कळली. आम्हाला ती यांनी शिकवली. तो शेरा यांच्या फाईलमधून काढा आणि माझ्या फाईलमध्ये घाला. दोन वर्षं द्यायची की नाही, हा आपला अधिकार. मला उद्यापासून येऊ नको म्हणालात, तरी आज पहिल्यांदाच भांडणार नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. मानपानात कोणाचं नाव पुढेमागे झालं असेल, माझा आवाज चढला असेल, तर लहान समजून सोडून द्या. यार्डातली चूक मात्र सोडू नका. ती माझी आहे.