वायव्य बुरुजाची गस्त

मी गडावरचीच, मास्तर. गड म्हणजे तुमच्या मनात काय येतं कुणास ठाऊक, आमचा गड तसा काही मोठा नव्हे. वल्लम सोडून दक्षिणेस निघालं की भातशेतं संपतात, तांबडी माती लागते, ताडाची झाडं लागतात, आणि मग हा एवढासा कातळाचा डोंगर, त्याच्या डोक्यावर भिंत. इथले लोक कोट्टै म्हणतात, आम्ही गड म्हणतो. माझे आजे इथं हवालदार, त्यांच्यामागं माझे वडील हवालदार. मी गोदावरी, घरात गोदी. माझा जन्म झाला तेव्हा तंजावरचं राज्य खालसा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, म्हणजे मी राज्य पाहिलंच नाही, आणि तरी काय सांगू तुम्हांस, मी राज्याची चाकरी केली ती जन्मभर.

त्याचं असं झालं. राज्य गेलं तेव्हा कुंपणी सरकारची माणसं आली, तोफा खाली ओढून नेल्या, शिपायांस घरी पाठवलं, दारूखान्याला कुलूप घातलं आणि गेली. वडिलांस कुणी काही म्हटलंच नाही. पहारा बंद करा असा हुकूम आला असता तर त्यांनी बंद केला असता, ते हुकमाचे ताबेदार होते. पण हुकूम आला नाही, तर रोजची गस्त कशी सोडायची. म्हणून सकाळी एकदा आणि ऊन कलल्यावर एकदा वडील डोक्यास पागोटं बांधून दरवाजापाशी जायचे आणि भिंत उजव्या हातास ठेवून गडाची फेरी घालायचे, आधी दरवाजा, मग पाण्याचं टाकं, मग तोफेचा बुरूज, मग भिंत पडली होती ते खिंडार, मग वायव्य बुरूज, शेवटी देवीचं ठाणं. गावातले लोक हसत. आई तर म्हणायची की नसलेल्या तोफांस कोण चोरतंय. वडील म्हणत, तोफा गेल्या, गड आहे ना जागेवर.

आणि गस्तीचा कागद लिहायची रीत होती. दर आठ दिवसांनी कागद राजवाड्यात जायचा. कुठल्या ठिकाणी काय दिसलं ते ठिकाणाच्या नावासकट लिहायचं, काही दिसलं नाही तर काही नाही असंही लिहायचं, गाळायचं नाही. पूर्वी त्यात कोण आलं, कोण गेलं, कुठं दगड निसटला असं असायचं. आता गडावर येणार कोण. मग वडील जे दिसेल ते लिहायला लागले, आणि दिसायचं काय तर जनावर. टाक्यापाशी साळिंदराचे काटे तीन. खिंडारातून मुंगूस आत गेलं, बाहेर आलं नाही. तोफेच्या बुरुजावर मोठ्या घुबडांची जोडी, नर डोळे मिटून बसला आहे. असा सरकारी कागद कधी कुणी पाहिलाय का सांगा.

वडिलांस वाटलं होतं हे कागद कुणी वाचत नसेल, तरी आपलं काम आपण करावं. एकदा काय झालं, सरपण घेऊन तंजावरास जाणारा गाडीवान कागद पोचवायचा, तो परत आला आणि म्हणाला की राजवाड्यातून विचारलंय, मुंगूस बाहेर आलं का.

विचारणाऱ्या होत्या एक बाईसाहेब. नाव नाही सांगत, मोठ्या घरची गोष्ट. तरुणपणीच विधवा झालेल्या, राजवाड्याच्या आतल्या चौकात गोषात राहायच्या. नवी नवरी असताना, राज्य होतं तेव्हा, त्या देवीच्या दर्शनास गडावर आल्या होत्या, चार दिवस राहिल्या होत्या, आणि एका सकाळी शिपायांस भिंतीकडं तोंड करून उभं केलं नि बाईसाहेब स्वतःच्या पायांनी गडाची फेरी चालल्या. उघड्या आभाळाखाली चालल्या त्या तेवढ्याच, नंतर कधी नाही. त्या फेरीत वायव्य बुरुजावरून एक मोर खाली झेपावलेला त्यांनी पाहिला होता. एक म्हातारा कारकून पडद्याबाहेर बसून आमचा कागद वाचायचा आणि त्या पडद्याआड बसून ऐकायच्या.

मी अकराव्या वर्षी लग्न होऊन कुंभकोणास गेले आणि पटकीनं नवरा गेला म्हणून बाराव्या वर्षी परत आले. सासरी फार तर तीन महिने राहिले असेन, नवऱ्याचा चेहरा आता नीट आठवत नाही, खोटं कशाला बोलू. विधवेस कुणी लग्नामुंजीत बोलवत नाही, हळदीकुंकवास बोलवत नाही, मग मी दिवसभर करू काय. त्यातच वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. आधी ते मला बरोबर न्यायचे, मग माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागले, मग मीच बघायची आणि त्यांस सांगायची. त्यांनी मला मोडी लिहायला शिकवलं ते केवळ या कागदासाठी. आई म्हणाली मुलीस अक्षर कशाला, तर म्हणाले माझे डोळे तीच आहे, मग हात का नको.

तेव्हापासून कागद माझ्या हातचा. पहिली आठ वर्षं मी दिसेल ते सगळं लिहिलं. आणि बाईसाहेब विचारायच्या, सारखं विचारायच्या. घुबडाची पिल्लं उडाली का. वानरांच्या टोळीतली ती लंगडी अजून आहे का. घोरपड ऊन खाताना डोळे मिटते का. घोरपडीचं ते मी तिसऱ्या प्रहरी भिंतीवर पालथी पडून बघितलं, पोटास चटके बसले, आणि मिटते असं लिहून पाठवलं. मास्तर, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई, मी तिला पाहिलं नाही, तिनं मला पाहिलं नाही, पण त्या आठ वर्षांत मला वाटायचं की मी एकटी चालत नाही. मी तिचे पाय होते. मला आणखी कोण होतं सांगा.

आता ते सांगायचं आहे. सांगते.

एका थंडीत वायव्य बुरुजाखाली कातळात जी कपार आहे तिथं मला बिबट्याची मादी दिसली. इथले लोक सिरुत्तै म्हणतात. तिच्यापाशी दोन पिल्लं, मांजरीएवढी, एकमेकांचे कान चावत होती. मी श्वास धरून बसले. तिनं मला बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि काही न करता मान खाली घालून पिल्लास चाटायला लागली. मी घरी येऊन वडिलांस सांगितलं आणि म्हटलं की अप्पा, हे नको लिहू या. ते म्हणाले, का. मी म्हटलं, मन घेत नाही. निदान जागा नको. तर वडील चिडले, कधी चिडायचे नाहीत ते चिडले. म्हणाले, जागा नसली तर ती गस्त नव्हे, त्या बाजारगप्पा. चाळीस वर्षं कागदात जागा लिहिली आहे. लिही, वायव्य बुरुजाखाली, कपारीत, मादी एक, पिल्लं दोन. मी लिहिलं. आणि खरं सांगू, मनातून मलाही हौस होती. बाईसाहेबांस किती आनंद होईल, हेच माझ्या डोक्यात.

आनंद झाला. पिल्लांचे डोळे कसल्या रंगाचे म्हणून विचारणं आलं. पण कागद वाचणारा कारकून, त्याचा भाचा की कोण कचेरीत चाकरीस होता, त्याच्यापाशी तो कौतुकानं बोलला. वाईट हेतूनं नव्हे, आमच्या गडाचा त्यासही अभिमान. तिथून ते कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या कानी गेलं.

साहेब नि त्याची माणसं आली त्या सकाळी मी खालच्या ओढ्यावर धुणं धूत होते. घोड्यांचे आवाज ऐकून वडिलांस काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. वीस वर्षांहून जास्त झाली, गडावर सरकारचं माणूस आलं नव्हतं, आणि आज आलं. त्यांस वाटलं, तपासणी आली. आईस म्हणाले माझं पागोटं दे, नवं दे. तसे ते दरवाजात ताठ उभे राहिले, मुजरा केला, आणि साहेबास म्हणाले, यावं, गड दाखवतो. आणि दाखवला. डोळ्यांस दिसत नव्हतं, भिंतीवर हात टेकत टेकत स्वतः पुढं चालले, एकही ठिकाण गाळलं नाही. हे टाकं, याचं पाणी आटत नाही. हा तोफेचा बुरूज, इथं घुबडं. हे खिंडार, याची डागडुजी व्हावी अशी अर्जी आहे. आणि हा वायव्य बुरूज, इथं खाली कपारीत.

मला ओढ्यावर दोन बार ऐकू आले. मी ओलं लुगडं हातात तसंच घेऊन धावत वर चढले. वर येते तो मादीस काठीस बांधून खाली आणत होते आणि पिल्लं टोपलीत होती, टोपलीवर जाळं. एक पिल्लू आवाज करत होतं, दुसरं करत नव्हतं. साहेबानं वडिलांचा हात हातात घेऊन हलवला नि निघून गेला. वडील दरवाजात उभे, तोंडावर हसू. मला म्हणाले, गोदे, ऐकलंस ना, सलामी दिली गडास. इतक्या वर्षांनी सलामी दिली.

मी सांगायला नको होतं. आंधळा म्हातारा, त्याचं सुख त्याच्यापाशी राहू द्यायचं होतं. पण मी रागात होते, मी तिथंच सांगितलं. सलामी कसली अप्पा, मादी मारली त्यांनी, तुम्ही त्यांस हातास धरून तिच्यापाशी नेलंत. त्यांनी पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, त्याच्या घड्या बोटांनी नीट करत बसले. पुढच्या पावसाळ्यात गेले. मधल्या काळात गस्तीचं नावही त्यांनी काढलं नाही.

मी गस्त सोडली नाही. पण कागद बदलला. दर ठिकाणी एकच लिहायला लागले, दरवाजा, क्षेम. टाकं, क्षेम. वायव्य बुरूज, क्षेम. जनावराचं नाव नाही. बाईसाहेबांकडून विचारणं यायचं, साळिंदराची पिल्लं मोठी झाली का. मी लिहायची, क्षेम. घुबडं आहेत ना. क्षेम. मला वाटायचं, मी गडास जपते आहे. आणि थोडा रागही होता, लपवत नाही, तुमच्या पडद्यातून गोष्ट बाहेर गेली ना, मग बसा. असं अकरा वर्षं केलं. नंतर नंतर विचारणं येणं बंद झालं, कागद मात्र जात राहिला.

बाईसाहेब गेल्या तेव्हा त्यांची दासी देवीस नारळ फोडायला आली होती, तिला नेमून दिलेलं होतं तसं. आमच्या तिन्नैवर, दारापुढच्या ओट्यावर टेकली, पाणी प्याली आणि विचारलं, गोदी कोण. मी म्हटलं, मीच. तांब्या खाली ठेवला तिनं. मग म्हणाली, बिबट्या मारला ते बाईसाहेबांस त्याच आठवड्यात कळलं होतं. कारकुनास त्यांनी त्याच दिवशी काढलं, आणि घरातली एक म्हातारी विधवा होती, मोडी येणारी, तिच्याकडून दार लावून कागद ऐकायच्या. बाहेर काही जाणार नाही याची व्यवस्था केली होती त्यांनी. मला कळवलं नाही, कारण त्यांस वाटलं, कळवायला काय, पोरीस ठाऊकच असेल की आपण असं काही पुन्हा होऊ देणार नाही. मग नुसतं क्षेम, क्षेम यायला लागलं तेव्हा त्या जुने कागद काढून वाचून घ्यायच्या. शेवटी शेवटी म्हणायच्या, गोदीस माझा कंटाळा आला असेल, तिचंही बरोबर आहे, नुसतं ऐकणाऱ्या बाईस कुणी किती सांगावं.

मला कंटाळा आला नव्हता हो. हे मी कुणास सांगू आता.

आता माझ्या गुडघ्यांत बळ नाही, टाक्यापर्यंत जाते नि परत येते. अजून जनावर आहे, मोर आहेत, साळिंदर आहे. गडाचे दगड सडकेसाठी काढून नेतात, नेऊ देत, मी कुणास अडवणार. तुम्ही एवढ्या उन्हात चढून आलात, माझं ऐकलंत, लिहून घेतलंत, देव तुम्हांस औक्ष देवो, तुमची मुलं शहाणी होवोत. फक्त एक मला रोज छळतं ते सांगून टाकते. मी म्हटलं होतं अप्पांस, निदान जागा नको. माझ्याच तोंडचे शब्द ते. पुढं कागद माझा होता, हात माझा होता, अप्पा नव्हते, कुणी चिडणार नव्हतं. जागा न लिहिता नुसतं लिहायचं, आज मोर दिसला, आज घुबडाचं पिल्लू उडालं. एवढंच. तिला जागा कुठं हवी होती, मास्तर, ती काय चालून येणार होती. पण जागेवाचून कागद लिहायचा हे अकरा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.