गुंड्याच्या पोटाची वही

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या बाईंचे कान शेजारच्या सासऱ्या-सुनेकडे लागले होते. दोघांच्या पायाशी त्यांचा कुत्रा गुंड्या मलूल पडला होता.

"बाबा, महिन्यात तिसऱ्यांदा पोट बिघडलं याचं. डॉक्टरांनी लिहायला सांगितलेली वही आणलीत ना?"

"ही घे. पोटात गेलेला कण न् कण लिहिलाय. मुक्या जिवाच्या औषधाचा प्रश्न आहे, लपवाछपवी कशाला?"

"सकाळी मऊ भात, रात्री मऊ भात... आणि रोज चार वाजता अर्धं क्रीमचं बिस्कीट?"

"असा टक लावून बघतो गं! घशाखाली घास उतरत नाही."

"कुणाच्या घशाखाली? बाबा, उरलेलं अर्धं कोण खातं? तुम्हाला साखर बंद आहे!"

"सूनबाई, वही गुंड्याच्या पोटाची आहे. माझ्या पोटाची नाही."