त्येनं आनलं म्हनून आमी आनलं

चहा नको कसा म्हनता, पावनं? विख न्हाय घातलेलं, घ्या. तुमी मल्लव्वाचं भाऊ, समेट करायला करमाळ्याहनं आलाय, म्हंजे माझ्या जावंचं मानूस — माझंबी पावनंच की. पन तिनं सगळं सांगितलंय का तुमास्नी? न्हाय सांगितलं. मी सांगते.

तुमचा दाजी कल्लप्पा आन माझं मालक बसलिंगप्पा, सख्खं भाऊ. मधी येक बांध. त्यो बांध कल्लप्पानं हातभर कोरला — मालक म्हनलं, जाऊ दे. मग त्येनं कुत्रं आनलं, राखनीला म्हनं. आमी दोन आनली. त्येनं कोयत्याला लांब दांडा बसवला, आमी कुऱ्हाडीला धार लावली. त्येनं भिंतीवर काचा रोवल्या, आमी माळवदावर दगडं रचली. मग त्येनं तलवार आनली — दसऱ्याला दार सताड उघडं ठिवून पुजली, आमास्नी दिसावी म्हनून! मारायचं कुनाच्या मनात हुतं? कुनाच्याच न्हाय. त्येनं भ्यावं म्हनून आमी आनायचं, त्यो भ्याला की आनखी आनायचा.

आन येक दिवस त्येचं कुत्रं मेलं. आमी न्हाय मारलं, हिरीत पडलं ते. पन कल्लप्पा तलवार घिऊनच बांधावर आला. माझा ल्योक गुरु मोकळ्या हातानं आडवा गेला, म्हनला, "काका, बसून बोलू की." येवढंच. तलवार मानंत बसली, पावनं. लेकरू जरा येळ उभंच हुतं — मग माझ्या अंगावर आलं. मालकानं कल्लप्पाचा खांदा फोडला. आन तुमच्या भैनीच्या डोस्क्यात दगड कुनी घातला? म्या. टाकं बगितलं न्हवं? अजून घालनार हुते, हात धरला लोकांनी. गुरुला सोलापूरला न्ह्यायचं म्हनलं, वाटंतच गेला. दोगं भाऊ आता येकाच जेलात.

आन तुमी म्हनताय, दोनी घरची हत्यारं आनून चावडीत ठिवू. आमच्यात काय ऱ्हायलंय? पोलिसांनी समदं न्हेलं. आता घरात बायकाच, मी आन गुरुची बायकू म्हेश्वरी. मल्लव्वाचं पोरगं मोठं झालंय, रोज बांधावर हुबं ऱ्हातंय — मग मी काय विळी घिऊन बसू व्हय? गावठी कट्टा आनला म्हंजे लगीच काय गोळी —

कुटं काय म्हनलं मी? कायबी न्हाय म्हनलं. तिकडं काय बगताय? जवारीचं पोतं हाय ते. हात लावू नगा. लावू नगा म्हनते न्हवं! — म्हेश्वरी, दार उगड. उठा, पावनं.