जागं हाय का गाव?

रणजीत: एकच ओळ, सपना. मोबाईलमध्ये एक ओळ बोलून दे, मी लगेच निघतो.

सपना: बस तरी आधी.

रणजीत: हे काय, बसलो की खाली.

सपना: बाबा, रणजीतला खुर्ची द्या.

रणजीत: खुर्ची काहून? आपण आजवर भुईवरच बसलोत ना.

जळबा: घे बाबा, घे. तालुकाध्यक्ष झालास तू. पांढऱ्या पॅन्टीला माती लागंल.

रणजीत: काका, तुमी तरी टोमणे नका मारू.

जळबा: टोमणा न्हाई लेकरा. म्या जिंदगीभर बापूसाहेबाच्या सभेत सतरंज्या टाकल्या न् सतरंज्या उचलल्या. तवा तुमी दोघं ह्याच ओसरीवर बसून मला हसलात. म्हणलात, आमच्या जागल पार्टीत सतरंजीबी नसंल न् खुर्चीबी नसंल, समदे मातीत बसतेल. अन् परवा हिंगोलीच्या सभेत स्टेजवर सोफे व्हते म्हणं.

रणजीत: वरून पाहुणे आले होते, काका. पार्टी मोठी होऊन राहिली. आपण मूठभर पोरं-पोरी होतो, एक फुटकी मोटरसायकल होती. आज जिल्ह्यात कुठंबी जा, पोरांच्या मोबाईलवर आपली बॅटरीची निशाणी दिसते. मोठं व्हायचं तर थोडं प्रॅक्टिकल...

सपना: कोणती ओळ?

रणजीत: आं?

सपना: बोलायची कोणती ओळ, ते सांग.

रणजीत: "जिल्हा परिषदेला आपला उमेदवार रुद्रभाऊ. बॅटरीसमोरचं बटन दाबा." बस, एवढंच. ऑटोवर वाजवायची तुझी हाक तर आधीच रेकॉर्ड केलेली हाय. तिच्या मागं हे जोडायचं.

सपना: हाकेच्या मागं माझं वाक्य व्हतं.

रणजीत: ते कापावं लागलं. "मी सपना, जळबाची लेक, तुमच्या दारी मत मागाया आले." उमेदवारच बदलला म्हणल्यावर ते कसं ठेवणार?

जळबा: म्हंजी माझं नावबी कापलं का?

रणजीत: एकाच वाक्यात होतं, काका.

जळबा: बराबर हाय. एका कात्रीत दोघं.

रणजीत: मला काय हौस हाय का? पार्टीतल्या शीलाच्या आवाजात करून पाहिलं. एक बाई दारात येईना. तुझी हाक आली की चुलीवरची भाकर सोडून बाहेर येतात. काल तांड्यावर माझी याडीच, माझी मायच म्हणली, सपना कुठं हाय? तिला काय सांगू मी?

सपना: काय सांगितलं?

रणजीत: तब्येत बरी न्हाई म्हणलं.

जळबा: अरे, ती हाक रानातली हाय. हरभऱ्यात डुकरं शिरतेत म्हणून आमी जागलीला जायचो. ह्या माळ्यावरून इचारायचं, जागं हाय का? त्या माळ्यावरल्यानं म्हणायचं, जागा हाव. ओ आली न्हाई तर बॅटरी घेऊन पळत सुटायचं, माणसाला काय झालं म्हणून. म्या शिकवली हिला. अन् तुमी तिचं पार्टीचं नाव केलं.

रणजीत: अन् तुमीच कधी ओ दिली न्हाई! सपना हाक मारत गल्लीतून गेली तर सारी गल्ली म्हणायची, जागी हाव गं, जागा हाव. तिचा बाप तेवढा आत पाणी पीत बसायचा.

जळबा: म्या बापूसाहेबाच्या पार्टीचा माणूस. इमानाचा सवाल व्हता.

रणजीत: मग आता तर खूश व्हा. रुद्रभाऊ तुमच्या बापूसाहेबाचाच पुतण्या हाय.

जळबा: व्हय ना. मागल्या आठवड्यापर्यंत माझ्याच पार्टीत व्हता.

सपना: भांडू नका.

रणजीत: मग तू भांड! दोन दिवस झाले तिकीट कापून. माझी कॉलर धर, शिव्या दे. पण अशी नको बसू, बाई.

सपना: मलाबी वाटलं व्हतं राग येईल. वाट पाहिली. न्हाई आला. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात मरतो बघ, आपला असून कळंना होतो. तसं झालंय.

रणजीत: पुढच्या वेळी तुझंच नाव राहील. शब्द हाय माझा.

जळबा: "पुढच्या वेळी, जळबा." बापूसाहेबबी माझ्या खांद्यावर हात ठेवूनच म्हणायचा.

सपना: चालू कर मोबाईल.

रणजीत: खरंच?

सपना: चालू कर. झालं? "जागं हाय का गाव? माय-बापहो, जागं हाय का?"

रणजीत: हं... पुढं बोल ना.

सपना: पुढचं तू बोल.

रणजीत: माझ्या आवाजाला कोण विचारते?

सपना: हाक मी आणली. माणूस तू आणला. तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे.

रणजीत: "जिल्हा परिषदेला आपला उमेदवार... आपला..."

सपना: बोल की.

(रणजीत मोबाईल बंद करून खिशात घालतो.)

सपना: बंद केलंस?

रणजीत: निघतो मी. ऑटो कोपऱ्यावर उभा हाय.

सपना: जुनीच लाव मंग. कापलेली.

रणजीत: तुझी ना न्हाई?

सपना: ना म्हणायलाबी आत काही असावं लागते, रणजीत.

रणजीत: येतो. जय भीम, काका.

जळबा: जय भीम. खुर्ची राहू दे तशीच, म्या उचलतो. सवय हाय.

(रणजीत जातो. जरा वेळानं दिवेलागणीला गल्लीत ऑटो शिरतो.)

ऑटोवरचा आवाज: जागं हाय का गाव? माय-बापहो, जागं हाय का?

सपना: समोरच्या रूपामावशीची ओ न्हाई आली.

जळबा: कोणीच देईना आज. समदे दारात उभे हायेत, पण गप.

सपना: कळलं असंल त्याहीला.

ऑटोवरचा आवाज: जागं हाय का गाव?

सपना: बाबा, दार लावून घ्या. मला ऐकवंना... बाबा? कुठं निघालात? चप्पल तरी घाला.

ऑटोवरचा आवाज: माय-बापहो, जागं हाय का?

जळबा: जागा हाव गं, सपना! जागा हाव!