नाव ठेवलं नव्हतं

— तर मी काय म्हणत होते, जाऊबाई — हां, इथे बोलायचं नसतं, माहीत आहे मला. या खोलीत गेलेल्या माणसाला आंघोळ घालायची, पांढरं नेसवायचं, ठरलेल्या प्रार्थना म्हणायच्या आणि बाकी तोंड शिवून घ्यायचं. कारण माती पडेपर्यंत आत्मा देहाजवळच घुटमळत असतो आणि त्याला सगळं ऐकू येतं. येतं ना? मग ऐका. आंघोळ अजून सुरू झालेली नाही, म्हणजे नियमही अजून सुरू झालेला नाही — हे मी माझ्या सोयीने ठरवलंय. तुम्ही जन्मभर नियम आपल्या सोयीने लावलेत, मला एक दुपार लावू द्या. आंघोळीला त्या दोघी यायच्यात, औषधवाली आणि तिची नणंद. रस्त्यात पाण्याचा पाइप फुटलाय म्हणे, गाड्या खोळंबल्यात. आज शुक्रवार, सूर्य बुडून शब्बाथचा विसावा लागायच्या आत तुम्हाला पोचवायचंय, पण शेवटपर्यंत माणसांना ताटकळत ठेवणार नाही तर त्या जाऊबाई कसल्या. देहाला एकटं सोडायचं नाही म्हणून मी बसलेय. नाहीतर तुमच्याजवळ हौसेने बसायला मला काय वेड लागलंय?

पाय दाराकडे आहेत तुमचे, चादर गळ्यापर्यंत आहे, काळजी करू नका. बादल्या भरून ठेवल्यात. सिनेगॉगच्या मागची ही खोली एवढीशी, फरशी उताराची, नळाला वॉशर नाही — टपटप टपटप — सेक्रेटरीला किती वेळा सांगितलं, तो म्हणतो, काकू, तिथे राहणाऱ्यांची काही तक्रार नाही. आहे विनोदी मेला. तुम्हाला आवडला असता हा विनोद. नाही, नसता आवडला. तुम्ही त्यालाही नावं ठेवली असती. कशाला ठेवली नाहीत तुम्ही नावं? माझ्या चहाला ठेवलीत, माझ्या चालण्याला ठेवलीत, माझ्या माहेरच्या पातेल्यांना ठेवलीत. मी शिवणकाम घेतलं तर म्हणालात, घरात चिंध्यांचा उकिरडा झालाय. हे अंगावर चढणार आहे ना आता तुमच्या, पांढरं, ते त्याच उकिरड्यावर शिवलंय मी. यात धाग्याला गाठ मारायची नसते — टाका घालायचा तो सहज सुटेल असा, म्हणजे आत्म्याला निघताना कुठे अडकायला नको. धाग्याच्या गाठीबद्दल सगळं सांगून ठेवलंय आपल्यात. मनातल्या गाठीचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

सगळ्या जगाला नावं ठेवलीत, जाऊबाई. आणि माझ्या पोरीच्या वेळेला म्हणालात, नाव ठेवलं नव्हतं.

आता हा विषय कशाला, असंच म्हणाला असतात ना? उकरून काय मिळणार, असं. तुमचं वाक्य. पण मी तर काहीच उकरलं नाही — उकरायला जागा माहीत असावी लागते. तुम्ही म्हणालात, घाई काय आहे, बाप कामावरून येऊ दे, मग सिनेगॉगमध्ये थाटात नाव ठेवू. हे तेव्हा लांब होते, बंदराच्या कामावर, रजा मिळत नव्हती. थोरले दादाही तुमच्या शब्दाबाहेर नव्हते. मी थांबले. मी लहान, मला काय कळतंय. तोवर सगळे तिला बाळी बाळी म्हणायचे. मी मनात एक नाव ठरवलं होतं, पण आधी बोलले तर दृष्ट लागेल म्हणून यांनाही लिहिलं नाही. सव्विसाव्या दिवशी ती गेली. अंग तापलं, दूध सोडलं आणि गेली. आणि तुम्ही दारात उभ्या राहून सांगितलंत — मला अजून तुमचा पदर दिसतो, कमरेला खोचलेला — की महिना भरला नव्हता, हिच्यासाठी सात दिवस जमिनीवर सुतकात बसायचं नसतं. पदर फाडायचा नसतो. रडू नकोस, शेजारी काय म्हणतील. चार दिवस कमी पडले माझ्या लेकीला माणूस व्हायला.

नियम होता, मान्य. मी नंतर रब्बींना विचारलं — म्हाताऱ्या, मागच्या रब्बींना — ते म्हणाले, बाई, तो नियम दयेचा आहे. पूर्वी घरोघरी पोरं जायची, बायका वर्षभर जमिनीवरच बसून राहिल्या असत्या, म्हणून त्यांच्यावरचं ओझं उतरवलं. बसायची सक्ती नाही, एवढंच. रडायला बंदी कुठे आहे? असं म्हणाले आणि स्वतःच चष्मा काढून पुसायला लागले. दयेचा नियम, जाऊबाई. तुम्ही त्याचं कुलूप केलंत आणि किल्ली कनवटीला लावलीत. आणि थोरले दादा दर शब्बाथला पुढे उभे राहून सांगायचे, एक जीव म्हणजे एक अख्खं जग. काय सुंदर आवाज होता दादांचा. मी वर बायकांच्या गॅलरीत बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, दादा, तुमच्या घरात एक जग मेलं तेव्हा तुमच्या बायकोने चादर धुऊन दोरीवर घातली आणि मला म्हणाली, कणीक मळ.

दादाच घेऊन गेले होते तिला. मला दारापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही, ओली बाळंतीण म्हणून. थोरल्या दिरांशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून पुढे किती वर्षं तुम्हालाच विचारलं मी, आठवतंय? तिचं नाव काय ठेवलं हो दादांनी? कुठे ठेवलं तिला? तुमचं एकच — नाव ठेवलं नव्हतं. जागेचं म्हणाल तर लहान मुलांचा कोपरा आहे भिंतीशी, सगळी एकत्रच, दगड नसतो. झालं. आणि मी विश्वास ठेवला. मग दादा गेले, त्यांच्या दगडापाशी मी उभी होते, तुम्ही पुढे गेलात गाडीत बसायला, तेव्हा तो खणणारा म्हातारा माझ्याजवळ आला. म्हणाला, बाई, तुमच्या छकुलीच्या वेळेला मीच होतो. मी म्हटलं, तिचं नाव नव्हतं. तो म्हणाला, असं कसं? नाव दिल्याशिवाय आम्ही कुणाला मातीत ठेवत नाही — पुढे सगळे मेलेले उठतील तेव्हा तिला हाक कशी मारणार? दादांनी वाकून तिच्या कानात सांगितलं. मला ऐकू आलं नाही, वारा होता. पण घरी मालकिणीला सांगतो, असं म्हणत होते.

मालकीण म्हणजे तुम्ही. मी नव्हे.

गाडीत तुमच्या शेजारी बसून मी विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघून म्हणालात, म्हातारा खुळा झालाय. पण मानेवर लाल डाग उठले तुमच्या, खोटं बोलताना उठायचे तसे. का हो सांगितलं नाहीत? मी खूप विचार केलाय यावर, कपडे शिवताना दुसरं काम काय असतं डोक्याला. आधी वाटायचं, दुष्टपणा. मग वाटायला लागलं, तुम्हाला दोन मुलगेच, मुलीची हौस राहून गेली — दादांनी कुठलं तरी तुमच्या मनातलं नाव तर देऊन टाकलं नाही ना? म्हणजे तुमच्या पोटी न आलेल्या मुलीचं नाव माझ्या मेलेल्या मुलीवर खर्च केलं, असं? तसं असलं तर वाईट वाटेल मला तुमच्याबद्दल, आणि मला ते वाटून घ्यायचं नाही. ते राहू दे. सणासुदीला गेलेल्यांची नावं घेतात तेव्हा सगळ्या बायकांचे ओठ हलतात आणि मी उभी असते, तोंडात काही नाही. मी ठरवलेलं नाव माझ्या मनात आहे, पण तिला ते माहीत नाही ना. तिकडे तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतील, ती दुडूदुडू जाईल, आणि मी गर्दीत उभी राहून ओळखणार कशी, यातली माझी कोणती?

लोक म्हणतात, काकू, तुम्ही हे आंघोळीचं काम किती मनापासून करता. ज्याचं केलं तो परत फेडू शकत नाही, अशी सेवा, मोठं पुण्य. पुण्य कसलं डोंबलाचं. तिला आंघोळ कुणी घातली ते मला माहीत नाही. घातली का, तेही नाही. म्हणून जी येते तिला मी घालते. बस. पहिली आंघोळ मी कुणाला घातली, तुम्हाला ठाऊक आहे? तुमच्याच आईला. शेवटची वर्षं आपल्याकडेच होती ती, तुम्हाला तिचं करायला कंटाळा यायचा, मी करायची. भली बाई. मला पोरी म्हणायची. या इथेच, याच लाकडावर. सांगून शिकवलं मला इतर बायकांनी — सगळं अंग एकदम उघडं करायचं नाही, जेवढं धुवायचं तेवढंच, मग झाकायचं. पालथं करायचं नाही. तिच्या अंगावरून कंगवासुद्धा पलीकडे द्यायचा नाही, वळसा घालून जायचं, कारण ती टेबल नाही. जुनी झालेली तोराची, धर्मग्रंथाची गुंडाळी आपण फेकतो का? तिच्यावर अक्षरं होती म्हणून तिलाही पुरतोच ना? तसं. या देहाच्या आत काही काळ नेशामा राहिला होता. आत्मा आत होता, म्हणून पेटीलाही मान.

आता तुमच्या पेटीला मान द्यायचाय मला. हा नवा रब्बी पोरगेला आहे, पण बोलतो चांगलं. म्हणतो, काकू, माणसाचा स्वभाव वेगळा आणि आत्मा वेगळा. आत्मा वरून स्वच्छ येतो, रोज सकाळी उठलं की पहिलं तेच म्हणतो आपण, आणि काजळी धरली तरी ती काचेला धरते, ज्योतीला नाही. मी म्हटलं, असेल बाबा. इतकी वर्षं तुमच्यात राहून तो तुमच्यासारखा झाला नसेल, तर खरंच पवित्र म्हणायचा.

हसू नका. — काय बोलतेय मी.

शेवटी तर हसायलाही येत नव्हतं तुम्हाला. झटका आला, अर्धं तोंड वाकडं झालं, वाचा गेली. मी यायची डबा घेऊन, पोरं परदेशात, दुसरं होतं कोण? तुम्ही माझं मनगट धरायचात, आणि ओठ हलवायचात. रोज. काहीतरी एकच, छोटंसं. मी म्हणायची, पाणी हवंय? भांडं हवंय? तुम्ही डोळे मिटायचात, परत हलवायचात. ते काय होतं, जाऊबाई? नाव होतं, की नुसतं भांडं हवं होतं? रोज तुम्हाला पाणी पाजून घरी गेले मी. कान तोंडाशी नेला असता तर — पण तुमच्या इतक्या जवळ यायची मला सवय नव्हती. तुम्ही लावलीच नव्हती. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला तरी कशाला सांगतेय.

आणि गंमत पुढेच आहे. आंघोळ झाली की माफी मागायची असते. तुमची. मी. पायाशी उभं राहून म्हणायचं — अमकीची मुलगी अमकी, तुझ्या मानाला आमच्या हातून काही कमी पडलं असेल तर क्षमा कर. जन्मभर मी तुमची माफी मागितली, चहा गोड झाला म्हणून मागितली, पोर रडली म्हणून मागितली, आणि शेवटचं वाक्यही माझ्याच वाट्याला. बरं, नुसतं जाऊबाई म्हणून चालत नाही. हिब्रू नाव लागतं, आणि आईचं. सकाळी विमानतळावरून तुमच्या धाकट्याचा फोन आला. काकू, आईचं आणि आजीचं हिब्रू नाव सांगा ना, रब्बी विचारतायत, आम्हाला काही माहीतच नाही. तुमचे मुलगे ते, त्यांना आजी म्हणजे नुसती आजी. ज्या बायकांनी तेव्हा माझ्यासोबत तिला आंघोळ घातली, तिचं नाव घेऊन माफी मागितली, त्या सगळ्या गेल्या. म्हणजे तुमच्या आईचं नाव आता माझ्या एकटीच्या तोंडात आहे. मी काय म्हटलं असेल पोराला? म्हटलं, आठवत नाही रे, बघते.

ऐकलंत? इतकं सोपं असतं ते. माझ्या मानेवर डागसुद्धा उठले नाहीत. बिननावाची माफी, बिननावाचा दगड, आणि तिकडे सगळे उठतील तेव्हा तुम्हीही उभ्या राहा गर्दीत, कुणी हाक मारतंय का बघत. फिटंफाट. सकाळपासून हे घोळवतेय मी, आणि गोड लागलंय, खोटं का बोलू. फक्त एक अडचण आहे. ते नाव तुमचं असतं तर गिळलंही असतं. पण ते त्या म्हातारीचं आहे, पोरी म्हणायची ती. आणि आत जो आत्मा आहे, स्वच्छ आलेला — त्याने काय केलंय माझं? तोही बिचारा तुमच्या घरात दिवस काढूनच गेला, माझ्यासारखा.

आल्या वाटतं. — या. या, चपला बाहेर. — नाही गं, कुणाशी बोलणार, एकटीच आहे मी. — हो, पाणी भरलंय. एकीची बादली संपायच्या आत दुसरीने ओतायला सुरुवात करायची, धार तुटू द्यायची नाही. — काय? रब्बींनी विचारायला सांगितलं?

हो. माहीत आहे.

लिहून कशाला घ्यायचं, मी सांगते, म्हणा माझ्या मागून. आधी आईचं. — हं. आता हिचं. — बरोबर. परत एकदा म्हणा, चुकायला नको.

एका श्वासात झालं, जाऊबाई. दोन्ही नावं. बघा, एवढाच वेळ लागतो.

दार लाव गं. आता कुणी बोलायचं नाही.