डिस्क क्रमांक सातमधल्या शेवटच्या शब्दाबाबत

मी, खाली सही करणारी, वय ५१ वर्षे, धंदा परदेशी चित्रपटांची मराठी सबटायटल लिहिणे, राहणार छापखान्यावरची खोली, जिना मागच्या बाजूने. धंद्यातले लोक मला सबटायटलबाई म्हणतात. पोलीस ठाण्यातून निरोप आल्यावरून आज सकाळी सव्वाअकरा वाजता स्वतः हजर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, जबाब देते तो असा की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. हे काम एकोणीस वर्षांपासून करते. पडद्यावरचं माणूस जेवढा वेळ बोलतं तेवढ्या वेळात बघणाऱ्याचं वाचून झालं पाहिजे, अशा बेताने लिहावं लागतं. शब्द मोजून मापून वापरण्याची त्यामुळे सवय आहे.

तक्रारदार हे चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीचे मालक आहेत. ते मला ताई म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका फ्रेंच दिग्दर्शकाच्या सगळ्या चित्रपटांचे हक्क घेतले. हे दिग्दर्शक आता हयात नाहीत. त्यांनी आयुष्यात नऊच चित्रपट केले. आपल्याकडे त्यातले दोनच मिळायचे, तेही कॅसेटवर. नऊ डिस्कचा संच काढायचं ठरलं आणि मराठी सबटायटलचं काम माझ्याकडे आलं. ते मी चौदा महिने केलं. डब्याच्या मागे माझं नाव छापलेलं आहे.

वाद सातव्या चित्रपटाचा आहे. त्यात एक बाई शेवटी नवऱ्याचं घर सोडते. हा चित्रपट मी पहिल्यांदा भाड्याच्या कॅसेटवर, सबटायटलशिवाय पाहिला. कॅसेट लहान, चित्रपट मोठा, त्यामुळे शेवटची सहा मिनिटं तिच्यात नव्हतीच. बाई बॅग घेऊन स्वयंपाकघरात येते, नवरा मान वर करतो आणि टेप संपते. ती काय बोलली हे कळायला मला अकरा वर्षं लागली. मधल्या काळात मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकले. नंतर बाहेरून मागवलेल्या डिस्कवर शेवट पाहिला. ती एकच वाक्य बोलते आणि दार लावून घेते. त्या वाक्याचं मराठी मी एका शब्दात केलं: ‘जाते.’

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला मालकांचा फोन आला.

“ताई, आपल्याकडे बाई घरातून निघताना ‘जाते’ म्हणते का? ‘येते’ म्हणते. लोक घरी बसून बघणार, घरात म्हातारी माणसं असतात. कानाला बरं वाटत नाही.”

मी म्हणाले, “तिला परत यायचं नाही, म्हणून ती ‘जाते’ म्हणते. ‘येते’ लिहिलंत तर आधीचा दीड तास पाण्यात.”

“बरं बाई, तुमचंच खरं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी त्यांच्या बोलण्यावर विसंबले. ही माझी चूक.

शब्द कंपनीतल्या तंत्रज्ञाने बदलला, मालकांनी सांगितलं म्हणून. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याला घर चालवायचं आहे.

माझ्या घरच्या परिस्थितीविषयी विचारण्यात आले. माझं लग्न झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी सकाळी साडेनऊ वाजता मी ते घर सोडलं. मुलगी सात वर्षांची होती. ती दारात उभी होती. मी तिला ‘येते’ म्हणाले. त्या वयात मुलं सांगितलेलं खरं धरतात. त्यानंतर ती किती दिवस पायरीवर येऊन बसत होती, ते मला तिच्या आत्याने सांगितलं. आकडा माझ्या लक्षात आहे. या तक्रारीत त्याची गरज नाही. तिला सोबत का नेलं नाही, असंही विचारण्यात आले. ते कोर्टात सांगून झालं आहे.

मुलगी आता एकोणतीस वर्षांची आहे. गेल्या रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये संचाचा प्रकाशन समारंभ होता. मी तिला बोलावलं होतं. माझं काम तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती येईल असं वाटलं नव्हतं. ती आली आणि तिसऱ्या रांगेत, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

भाषणं झाल्यावर सातवा चित्रपट लावला. सव्वासहाच्या सुमारास शेवटचा प्रसंग आला. बाई बोलली. खाली ‘येते’ असं उमटलं. मुलीने पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, “हे खोटं आहे. ती ‘जाते’ म्हणाली.”

मी आरडाओरडा केला असं तक्रारीत लिहिलं आहे. आवाज मोठा होता हे खरं. तो मागच्या रांगेपर्यंत जायला हवा होता. मालक पुढून म्हणाले, “ताई, खाली बसा, सगळ्यांसमोर शोभत नाही.” मी बसले नाही. तंत्रज्ञाला प्रसंग पुन्हा लावायला सांगितलं. त्याने मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लावला. त्याला मी धमकावलं हे धादांत खोटं आहे.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, “म्हणजे ती परत येते का नाही?”

मी म्हणाले, “नाही येत.”

“मग येते येते काय लावलंय मेल्यांनी? मी आपली वाट बघत बसले, आता पुढे काय म्हणून.”

लोक हसले. मालकांनी दिवे लावायला सांगितले. दोघांनी मला दंडाला धरून बाहेरच्या व्हरांड्यात आणलं. मी अडवलं नाही.

व्हरांड्यात संच विक्रीला ठेवले होते. मी तिथून सरळ घरी जाणार होते. तेवढ्यात एका व्यक्तीने एक संच विकत घेतला, सात नंबरची डिस्क काढून माझ्यापुढे धरली आणि न पुसल्या जाणाऱ्या शाईचं पेन हातात दिलं. त्या व्यक्तीचं नाव मी देणार नाही. साक्षीलाही बोलावू नये. ती एवढंच म्हणाली, “आई, नीट लिही.”

मी डिस्कच्या वरच्या बाजूला लिहिलं: शेवटचा शब्द ‘जाते’ असा वाचावा. खाली सही केली. त्या एका डिस्कवरचं अक्षर वाईट आहे. मागे त्या आजी उभ्या होत्या. त्यांच्यामागे रांग लागली. मी एकूण त्रेचाळीस डिस्कवर लिहिलं. सगळ्या विकत घेतलेल्या होत्या आणि ज्याच्या त्याने आपल्या हाताने पुढे केल्या. न विकलेल्या एकाही संचाला मी बोट लावलेलं नाही.

मालक आले आणि म्हणाले, “ताई, माझा माल खराब करताय.”

मी म्हणाले, “माल तुमचा होता, आता यांचा आहे. शब्द माझा आहे.”

सोमवारी त्यांचा निरोप आला की लेखी माफी द्या, तक्रार मागे घेतो, पुढचं कामही तुमचंच. मी नाही म्हणून कळवलं. पुढच्या डिस्क निघतील तेव्हा तो शब्द दुरुस्त झाला नसेल तर मी पुन्हा जाऊन लिहीन, हेही कळवलं. तेच इथेही सांगते.

हा जबाब मला वाचून दाखवला तेव्हा त्यात ‘रागाच्या भरात’ आणि ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे’ असे शब्द आढळले. ते मी उच्चारलेले नाहीत. लिहून घेणाऱ्या हवालदारबाई म्हणाल्या, “मॅडम, सगळेच तसं म्हणतात म्हणून घातलं. तुमच्याच सोयीचं आहे.” मी त्यांना सांगितलं की एकच वाक्य त्रेचाळीस वेळा लिहायला रागाचा भर पुरत नाही, आणि दिलगीर मी नाही. दोन्ही ठिकाणचे शब्द माझ्यासमोर खोडले, समासात माझी सही घेतली. त्यानंतर जबाब पहिल्या ओळीपासून पुन्हा मोठ्याने वाचायला लावला आणि ऐकला. आता तो मी बोलले तसाच आहे.