रुंद टायर

सायकलच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"दादा, यांच्या सायकलला हे रुंद टायर घाला."

"अगं, रेसची सायकल आहे ती, ट्रॅक्टर नव्हे!"

"दर रविवारी चढावर मागे कोण राहतं?"

"मुद्दाम राहतो. तुझी चेन पडली तर?"

"आजवर कधी पडलीय?"

"त्याला मी काय करू!"

"अहो, यावर हादरे कमी बसतात. कंबर धरणार नाही, वेगही वाढेल."

"जुनेच बरे आहेत."

"वर एकटीनं बसून तुमची वाट बघायचा कंटाळा येतो हो."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं? घाला दादा, आजच घाला."

"वहिनी, तुमच्याही सायकलला हेच घालू?" मेकॅनिकनं विचारलं.

"खबरदार तिच्या सायकलला हात लावलात तर!"